रोज संध्याकाळी रिकामी होणाऱ्या दोन विहिरी

पुण्याहून दौंडकडे रेल्वेने जाताना केडगाव लागतं. गाडी तिथे फार थांबत नाही, आणि बहुतेकांना एवढंच माहिती असतं की इथे पंडिता रमाबाईंचं 'मुक्ती मिशन' आहे. माझंही तसंच होतं. माझं संशोधन दख्खनच्या खडकातल्या उथळ विहिरींवर आहे. विहीर उपसली की किती वेळात परत भरते, उन्हाळ्यात तो वेग कसा मंदावतो, असले प्रश्न. त्यामुळे दुष्काळाची जुनी वर्णनं वाचताना माझी नजर माणसांच्या आधी पाण्यावर जाते. ती सवयच लागलीये.

तसंच एकदा रमाबाईंनी आपल्या आयुष्याबद्दल लिहिलेलं वाचताना विहिरींच्या उल्लेखापाशी थांबले. 1900 च्या सुमाराचा काळ. पाऊस झालेला नाही. केडगावात सुमारे 1900 माणसं, त्यात बहुतेक दुष्काळातून आणलेल्या मुली आणि बायका. शिवाय शंभराहून जास्त जनावरं, आणि इमारतींचं बांधकाम चालू. पाण्यासाठी दोन विहिरी. रमाबाई सांगतात की रोज संध्याकाळपर्यंत दोन्ही विहिरी तळाला जायच्या आणि सकाळी त्या दिवसापुरतं पाणी परत आलेलं असायचं. याबद्दल त्या देवाचे आभार मानतात.

तुम्ही श्रद्धाळू असाल तर याला चमत्कार म्हणाल. नसाल तर म्हणाल, विहिरीत झरे होते, त्यात काय एवढं! मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला, आणि मला वाटतं की खरी गोष्ट या दोन्हींपेक्षा जास्त रंजक आहे. त्यासाठी आधी थोडं मागे जावं लागेल.

पहिला दुष्काळ

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करलेला माणूस. हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून फिरायचं, पुराणं सांगायचं आणि मिळणाऱ्या दक्षिणेवर जगायचं. 1870 च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि दक्षिणा देणारेच उपाशी राहायला लागले.

या कुटुंबाने तेव्हा काय केलं? जे त्यांना येत होतं ते केलं. नवस, उपास, जप, दानधर्म. होतं नव्हतं ते विकलं. शेवटी रानात झाडपाला खाऊन दिवस काढले. वडील म्हातारे, दृष्टी गेलेली. जलसमाधी घ्यायची तयारी झाली होती. मोठा भाऊ श्रीनिवास म्हणाला की मी मजुरी करीन. पण पंडिताच्या मुलाला मजुरी कुठून येणार? आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. आईच्या वेळी खांदा द्यायला पुरेशी माणसं मिळाली नाहीत, तेव्हा रमाबाईंनी स्वतः तिरडी उचलली. उंची कमी असल्याने त्यांना ती डोक्यावर घ्यावी लागली.

ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ इथे आहे. या पोरीने सोळा-सतराव्या वर्षी दोन धडे घेतले. भूक काय असते हा एक. आणि केवळ ग्रंथ पाठ असलेल्या माणसाला दुष्काळात हातपाय हलवून जगता येत नाही, हा दुसरा.

पुढचा भाग तुम्हाला शाळेच्या पुस्तकातून थोडाफार माहीत असेल. भावाबरोबर पायी हिंडत 1878 मध्ये कलकत्ता, तिथे 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी जातीबाहेरचं लग्न. मुलगी मनोरमा वर्षाची होण्याआधीच पती कॉलऱ्याने गेले. मग पुणे, आर्य महिला समाज, आणि 1883 मध्ये वैद्यकी शिकायला इंग्लंड. पण कानांनी दगा दिला. बहिरेपणामुळे डॉक्टर होणं राहून गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेज इथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

विश्वास म्हणजे मान डोलावणं नव्हे

रमाबाई ख्रिस्ती झाल्या म्हणजे मिशनऱ्यांनी सांगितलेलं सगळं त्यांना पटलं, असा बऱ्याच जणांचा समज आहे. त्यांची इंग्लंडमधली पत्रं वाचलीत तर तो टिकणार नाही. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या गुरूस्थानी असलेल्या बाईंशी त्यांनी वर्षानुवर्षं वाद घातला. हा सिद्धांत कुठून आला, बायबलात तो कुठे आहे, चर्चने सांगितलं म्हणून मी का मानायचं? आपल्याकडे पीएचडीच्या प्रगती समितीसमोर कुणी एवढे प्रश्न विचारले तर काय होईल याची कल्पना करा!

पुढे त्यांनी स्वतःच कबूल केलंय की बाप्तिस्मा घेतला तेव्हा ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो भरवसा यायला आणखी सात-आठ वर्षं गेली, 1891 च्या आसपासपर्यंत. मधल्या काळात त्या अमेरिकेत जाऊन आल्या, तिथे मदतीसाठी संस्था उभी केली, आणि 11 मार्च 1889 ला मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' काढलं. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे.

1893 मध्ये वादळ झालं. सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जातायत म्हणून 'केसरी'तून टीका झाली. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. ही टीका नुसती आकसातून आलेली होती असं म्हणून मोकळं होता येणार नाही. सदनात धर्मशिक्षण देणार नाही अशा हमीवर संस्था सुरू झाली होती. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी कुणावर सक्ती करत नाही, पण माझ्या खोलीचं दार बंद करून प्रार्थना करणार नाही. निराधार मुलीला जिचा आधार आहे तिचाच धर्म जवळचा वाटणार, हा प्रश्न तेव्हाही खरा होता आणि आजही आहे. तो बाजूला सारून रमाबाईंची गोष्ट सांगणं मला प्रामाणिक वाटत नाही.

पंधराचा वर्ग

आता मला सगळ्यात आवडणारा प्रसंग. 1896 मध्ये लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचा मेळावा भरला होता. रमाबाई बरोबर पंधरा मुली घेऊन गेल्या. तिथे एका पहाटे एकांतात बसून त्यांनी प्रार्थना केली, की पुढच्या मेळाव्यापर्यंत या पंधराचा वर्ग कर.

हो, गणितातला वर्ग. पंधरा गुणिले पंधरा, 225.

शारदा सदनात तेवढ्यांना जागाच नव्हती. अमेरिकेतल्या संस्थेने दहा वर्षांचा खर्च कबूल केला होता आणि ती मुदत 1898 ला संपत होती. तीन वर्षांपूर्वीच निम्मं पुणं त्यांच्यावर उलटलेलं. हा आकडा येणार कुठून, याचा कुठलाही अंदाज त्यांना नव्हता, असं त्या स्वतःच लिहितात. आधाराला एक वचन होतं, यिर्मयाच्या पुस्तकातलं, देवाला काहीच अवघड नाही अशा अर्थाचं.

मग त्याच वर्षाच्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचल्यावर रमाबाईंना आपलं लहानपण आठवलं आणि त्या निघाल्या. मदतकेंद्रांवर पाहिलेली हाडांचे सापळे झालेली मुलं, आणि निराधार पोरींभोवती घुटमळणारे दलाल, हे पाहून त्यांना राहवलं नाही. पुढच्या काही महिन्यांत त्यांनी सुमारे 300 मुली आणि बायका आणल्या. वर्गाहून जास्त.

इथेच मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे. प्रार्थनेला उत्तर म्हणून दुष्काळ आला, असं रमाबाईंना म्हणायचं नाही, आणि तसं म्हणणं भयंकर होईल. हजारो माणसं मरत होती. पण 225 हा आकडा आधीच मनात घर करून बसलेला असल्यामुळे, 300 मुली समोर आल्या तेव्हा 'आपल्याकडे सोय नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही. तुम्ही-आम्ही आधी जागा मोजतो, मग किती जणींना घ्यायचं ते ठरवतो. त्यांनी क्रम उलटा केला होता.

खडकाळ शंभर एकर

आणि नेमक्या त्याच वेळी, 1897 च्या सुरुवातीला, पुण्यात प्लेग शिरला. शहरात एवढ्या मुली एकत्र ठेवायला परवानगी मिळेना. सुदैवाने आदल्या काळात त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. अमेरिकेतली मदत थांबली तर फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालवायचं, हा त्यामागचा हिशोब. त्या माळावर मुली आल्या. आधी तंबू आणि गवताच्या झोपड्या, मग इमारती. 1898 मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या तेव्हा मिनी अब्राम्स आणि सुंदराबाई पवार यांनी हे सगळं सांभाळलं.

याच सुमारास ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचा रमाबाईंवर मोठा प्रभाव होता. म्युलरांनी हजारो अनाथ मुलं सांभाळली, आणि त्यांचं तत्त्व असं की पैसे माणसांकडे मागायचे नाहीत, फक्त देवाकडे मागायचे. हिंदुस्थानातही असं जगता येईल का, हा प्रश्न रमाबाईंनी मनावर घेतला. कर्ज काढायचं नाही, ठरावीक वर्गणीवर विसंबायचं नाही.

चिकित्सक वाचक इथे लगेच हात वर करेल, आणि करायलाच हवा. मुक्तीचं वार्तापत्र निघायचं, 'मुक्ती प्रेयर बेल' नावाचं. त्यात तिथलं काम आणि तिथली गरज दोन्ही दिसायची. परदेशातले वाचक ते वाचून पैसे पाठवायचे. मग हे मागणंच नाही का झालं? माझं मत असं, की मागण्याचा हा एक प्रकार होताच. पण फरक एवढा की उद्याच्या पैशाची हमी कुणाकडूनही घेतलेली नव्हती. उद्या काहीच न येण्याची शक्यता रोज खरी होती.

त्यात 1899 चा पाऊस गेला. गुजरात-राजस्थानात ज्याला छप्पनियाचा दुष्काळ म्हणतात तो हाच. मुक्तीतल्या बायका गुजरातेत गेल्या आणि आणखी शेकडो मुली घेऊन आल्या. आकडा 1900 च्या आसपास पोचला. आणि आपण परत त्या दोन विहिरींपाशी आलो.

विहीर रात्रीत का भरते

आता थोडं माझं काम. दौंड तालुका पर्जन्यछायेत येतो. जमिनीखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. तो थरांवर थर असा रचलेला आहे. अखंड काळ्या पाषाणात पाणी जवळपास मुरत नाही. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात, खडकाच्या सांध्यांत आणि भेगांत. विहीर खोदताना अशी भेग लागली तर झरा लागतो. शंभर फुटांवर दुसरी खोदली आणि भेग नाही लागली, तर कोरडी.

विहिरीतलं पाणी उपसलं की आतली पातळी भोवतालच्या जमिनीतल्या पाण्यापेक्षा खाली जाते. पाणी उंचावरून खाली वाहतं, म्हणून झरे आत वाहू लागतात. फरक जितका जास्त, तितका आत येण्याचा वेग जास्त. पातळी सारखी व्हायला लागली की वेग मंदावतो. म्हणजे संध्याकाळी पूर्ण उपसलेली विहीर रात्री सगळ्यात जोरात भरते. तुमच्या गावाकडे विहीर असेल तर आजोबांनी हे कुठल्याही सूत्राशिवाय तुम्हाला सांगितलं असतं.

एक ढोबळ हिशोब करू. माणशी 20 लिटर धरलं तर 1900 माणसांचे 38,000 लिटर. शंभर जनावरांचे प्रत्येकी 40 म्हणजे 4,000. बांधकामाला 8,000 धरू. एकूण 50,000 लिटर, प्रत्येक विहिरीला 25,000. विहिरीचा व्यास 6 मीटर धरला तर एवढ्या पाण्यासाठी रात्रीत पातळी 90 सेंटिमीटरसुद्धा वाढायला नको, जेमतेम तीन फूट. बारा तासांत 25,000 लिटर म्हणजे मिनिटाला साधारण 35 लिटर, दोन-सव्वादोन बादल्या. (माणशी पाणी आणि व्यास हे आकडे माझे गृहीत आहेत, केडगावचं मोजमाप नव्हे.) बेसाल्टमधल्या चांगल्या विहिरीला हे जमण्यासारखं आहे.

मग प्रश्न सुटला? चमत्कार नाही, विषय संपला?

मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण हिशोबात एक गोष्ट येत नाही: हे पाणी किती दिवस येत राहील. उन्हाळा पुढे सरकतो तशी जमिनीतली पातळी खाली जाते, आणि काल तीन फूट चढलेली विहीर आज अडीच चढते, मग दोन. पाऊस हुकलेल्या वर्षी मुरमात साठाच कमी असतो. आज माझ्याकडे पातळी मोजायची यंत्रं आहेत, उपसा-चाचणीची पद्धत आहे, तरी पुढच्या महिन्याचं भाकीत करताना मी पाच अटी घालते. केडगावात त्या उन्हाळ्यात हे काहीच नव्हतं. रोज संध्याकाळी विहिरीचा तळ दिसायचा, आणि 1900 जणांना झोपायला पाठवायचं असायचं.

तर माझ्या लेखी पाण्याचं स्पष्टीकरण जलशास्त्रात आहे. रमाबाई तिथून हलल्या नाहीत याचं स्पष्टीकरण मात्र माझ्या विषयात नाही. त्यांनी पळ काढला असता, मुली परत पाठवल्या असत्या, नवीन मुली घेणं थांबवलं असतं, तर कुणी नावं ठेवली नसती. त्यांना वाटत होतं की या मुली ख्रिस्ताने आपल्या हाती दिल्यात आणि उद्याची काळजीही त्याचीच आहे. त्या भरवशावर त्या रोज रात्री झोपू शकल्या. सकाळी उठून पुन्हा पाण्याची वाटणी ठरवू शकल्या.

हिशोबात न बसणाऱ्या गोष्टी

आपण विज्ञानवाले एक चूक पटकन ओळखतो: जे वाचले त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत पोचतात. अनंतशास्त्रींच्या कुटुंबाचाही देवावर भरवसा होता आणि तिघं गेले. केडगावला आणलेल्या सगळ्याच मुली वाचल्या नाहीत. उपासमारीने खंगलेल्या अनेकींना रोगांनी नेलं. तेव्हा 'विश्वास ठेवा, सगळं नीट होईल' असा निष्कर्ष या गोष्टीतून काढता येत नाही. रमाबाईंनीही तो काढला नाही. जिने तिघांना दुष्काळात गमावलं तिला एवढं स्वस्त सांत्वन पटणंच शक्य नव्हतं.

मग फरक काय पडला? मला तो मुक्तीच्या दिनक्रमात दिसतो. प्रार्थना होती, आणि तिच्याबरोबर शेती, गाईगुरं, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना होता. अंध मुलींसाठी वेगळं सदन होतं आणि मनोरमा त्यांना ब्रेल शिकवत होती. प्रत्येकीच्या हाताला काम यायलाच हवं, हा आग्रह होता. 'मी मजुरी करीन' म्हणणाऱ्या आणि मजुरी न येणाऱ्या भावाची आठवण त्यामागे असावी, असं मला वाटतं.

शेवटचं उदाहरण बायबलचं. मराठी बायबल होतं, पण रमाबाईंना ते फार संस्कृतप्रचुर वाटायचं. खेड्यातल्या बाईला वाचून कळेल असं हवं होतं. म्हणून पन्नाशीला टेकलेल्या, नीट ऐकू न येणाऱ्या या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं आणि सगळं बायबल मुळातून मराठीत आणलं. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं मुक्तीतल्या बायकांनी केली, ज्यांतल्या कितीतरी जणी दुष्काळात अक्षरशून्य अवस्थेत आल्या होत्या. काम दीड दशकाहून जास्त चाललं. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. जिच्या हाती संस्था सोपवायची होती ती मुलगीच गेली. तरी प्रुफं तपासणं थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या तेव्हा प्रुफं तपासून झाली होती, असं सांगतात. छापील प्रत 1924 मध्ये आली.

तुमच्यासमोर आत्ता काही अशक्य वाटणारं असेल, आजारपण, कर्ज, घरातलं काही, तर या गोष्टीतून मी तुम्हाला हमी देऊ शकत नाही. हमी रमाबाईंनाही नव्हती. पण त्यांच्याकडून मी एक गोष्ट घेतली आहे. विहीर पुढच्या महिन्यात टिकेल का, याचं उत्तर संध्याकाळी मिळत नाही. तेव्हा आजचं पाणी नीट वाटायचं, पोहरा जागेवर ठेवायचा आणि सकाळी विहिरीवर जायचं.

पुढच्या वेळी गाडी केडगावला थांबली तर खिडकीतून बाहेर बघा. मुक्ती मिशन अजून तिथेच आहे.